तिसऱ्या वर्षाची कोंबडी

प्रश्न थोडक्यात असा: एक वाचक मैत्रीण नुकतीच अंगण असलेल्या घरात राहायला आली आहे. घरात त्या, त्यांचे पती आणि सात वर्षांची मुलगी. विकतच्या अंड्यांचा काही भरवसा नाही, तेव्हा अंगणात कोंबड्या पाळाव्यात असं त्यांच्या मनात आहे. अंडी ताजी आणि शुद्ध मिळतील, पैसे वाचतील, मुलीला जबाबदारीही कळेल. सहा पिलांची मागणी त्यांनी नोंदवूनही टाकली आहे, पिलं तीन आठवड्यांत येतील. पती मात्र नको म्हणतात. वास येईल, शेजारी कटकट करतील आणि ‘शेवटी सगळं माझ्याच गळ्यात पडेल’, असं त्यांचं म्हणणं. मुलीला तर शब्द देऊन झाला आहे. ‘यांची समजूत कशी काढू?’ असं त्या विचारतात.

उत्तर:

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. अंड्यांविषयी तुम्ही भरभरून लिहिलं आहे. कोंबड्यांविषयी मात्र एवढंच, की त्या सहा असतील. हा दोष म्हणून सांगत नाही. मी पहिल्यांदा कोंबड्या आणल्या तेव्हा माझ्याही डोळ्यांपुढे फक्त अंड्यांची टोपली होती. पण तुमची अडचण नेमकी तिथेच आहे असं मला वाटतं, म्हणून समजूत काढण्याच्या प्रश्नाकडे थोड्या वळणानं येते.

तुमच्या पतींच्या तीन हरकतींपैकी वासावर उपाय आहे. शेजाऱ्यांशी आधी बोलून घेता येतं. तिसरी हरकत मला विरोध वाटतच नाही. तो साधा, रास्त प्रश्न आहे: रोजचं कोण करणार? त्याचं उत्तर तुमच्या पत्रात कुठेच नाही.

रोजचं म्हणजे काय, ते सांगते. उजाडलं की खुराड्याचं दार उघडायचं, पाण्याचं भांडं घासून भरायचं, खाद्य घालायचं. दुपारपर्यंत अंडी उचलायची. दिवेलागणीला सगळ्या आत आल्या का ते मोजायचं आणि कडी लावायची. एकेक काम पाच-दहा मिनिटांचं, पण ते पावसातही करायचं, तापानं फणफणलेले असलात तरी करायचं आणि परगावी जायचं झालं तर दुसऱ्या कुणाला तरी नीट समजावून द्यायचं. संध्याकाळची कडी तर एकही दिवस चुकून चालत नाही. कुत्रं, मांजर, मुंगूस, घूस यांना एक रात्र पुरते.

तुमच्या हातात तीन आठवडे आहेत. एक तालीम करून पाहा. अंगणात जिथं खुराडं ठेवायचं ठरवलं आहे, तिथं रोज सकाळी पाण्याचं भांडं भरून नेऊन ठेवा आणि रोज संध्याकाळी अंधार पडायच्या आत ते परत आणा. कोण नेणार, कोण आणणार ते दोघांनी आधी ठरवा आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण करत जा. किती दिवस खाडा पडला, तो कुणाचा आणि का, हे तीन आठवड्यांनी समोर असेल. तेव्हा तुमचं दोघांचं बोलणं आजच्यापेक्षा फार वेगळं होईल.

आता ‘शुद्ध’ या शब्दाविषयी. ताजेपणा खरा आहे, त्याबद्दल शंका नको. सकाळचं अंडं दुपारी फोडलं की बलक उंच आणि गोल बसतो, पांढरं त्याला धरून राहतं, पाण्यासारखं पसरत नाही. हे एकदा पाहिल्यावर विसरत नाही कुणी. पण शुद्धपणा अंगणात असल्यामुळे आपोआप येत नाही. कोंबडी जे टिपते त्यातलं बरंच काही अंड्यात उतरतं. बलकाचा गडद केशरी रंग हिरव्या पाल्यातल्या, पिवळ्या मक्यातल्या रंगद्रव्यांचा असतो आणि झेंडूच्या पाकळ्या खाद्यात मिसळूनही तो आणता येतो. त्या रंगावरून पौष्टिकपणा ठरत नाही. कवच तपकिरी की पांढरं, हे कोंबडीच्या जातीवर असतं. त्याचा आतल्या अंड्याशी काही संबंध नाही.

फार थोडे लोक ध्यानात घेतात ती गोष्ट म्हणजे माती. कोंबडी दिवसभर माती उकरते, दाण्याबरोबर ती तिच्या पोटात जाते. जुन्या घरांच्या दारं-खिडक्यांच्या रंगात शिसं असायचं. त्या रंगाचे पोपडे वर्षानुवर्षं भिंतीलगतच्या मातीत पडत राहिलेले असतात. वर्दळीच्या रस्त्याशेजारच्या जमिनीत पूर्वीच्या शिसेयुक्त पेट्रोलचा अंश उरलेला असू शकतो. अशा जागी चरणाऱ्या कोंबड्यांच्या अंड्यांत शिसं सापडलेलं आहे आणि लहान मुलांच्या मेंदूला ते फार घातक असतं. तुम्ही या घरात नव्या आहात, घराचा आधीचा इतिहास तुम्हाला ठाऊक नसेल. घर जुनं असेल किंवा तिथं पूर्वी गॅरेज, बॅटऱ्यांचं काम असं काही होत असेल, तर कोंबड्या आणायच्या आधी माती प्रयोगशाळेत तपासून घ्या. शिसं निघालं तर कोंबड्यांना उघड्या मातीवर सोडू नका. तुमची सगळी धडपड ज्या मुलीसाठी आहे, तिच्याच ताटात ते जायला नको.

पैशांचा हिशेब मी थोडक्यात मांडते. एक कोंबडी दिवसाला साधारण १०० ते १२० ग्रॅम खाद्य खाते. सहा कोंबड्या म्हणजे महिन्याला सुमारे वीस किलो, मग त्या अंडी देवोत वा न देवोत. घरातल्या उरल्यासुरल्यावर भागेल, असं पुष्कळांना वाटतं. तसं भागत नाही. अंड्यावर आलेल्या कोंबडीच्या खाद्यात १६ ते १८ टक्के प्रथिनं आणि साडेतीन-चार टक्के कॅल्शियम लागतं. एका अंड्याच्या कवचात जवळजवळ दोन ग्रॅम कॅल्शियम जातं. खाण्यातून ते मिळालं नाही, तर कोंबडी ते स्वतःच्या हाडांतून काढून देते. आपल्याला अंडं मिळत राहतं, तिची हाडं मात्र ठिसूळ होत जातात. म्हणून अंड्यावरच्या कोंबड्यांसाठी मिळणारं तयार लेअर खाद्य आणि शेजारी वेगळ्या भांड्यात शिंपल्यांची भरड, एवढं हवंच. पाला, कोंडा, भाजीची देठं ही वरकड म्हणून चालतील. मिठाचं, कुजकं किंवा बुरशी आलेलं काही नको. कच्चं कडधान्य, बटाट्याची हिरवट सालं, अॅव्होकाडो आणि चॉकलेट तर अजिबात नको. खुराडं, जाळी, खाद्य, लस, औषध असं सगळं कागदावर लिहून बेरीज करा. पैसे वाचवायला कोंबड्या पाळायच्या असतील, तर पाळू नका असंच मी सांगेन. लहान प्रमाणात घरचं अंडं विकतच्यापेक्षा बहुधा महागच पडतं.

आणि आता तिसऱ्या वर्षाकडे येते. माझ्या मते तुमच्या सगळ्या प्रश्नाची गाठ तिथे आहे.

एक अंडं तयार व्हायला सुमारे २४ ते २६ तास लागतात. त्यातले वीसेक तास नुसतं कवच चढण्यात जातात. म्हणून कोंबडी रोज थोडी उशिरा अंडं घालते आणि मग एक दिवस खाडा करते. तिची जंगली पूर्वज, तांबडी रानकोंबडी, वर्षाला जेमतेम दहा-पंधरा अंडी घालते, तीही पिलं काढण्यासाठी. व्हाईट लेगहॉर्नसारख्या अंड्यांच्या जाती पहिल्या वर्षी तीनशेच्या घरात जातात. माणसानं निवड करत करत त्या शरीराकडून हे करून घेतलं आहे आणि ते काही फुकट होत नाही. दुसऱ्या वर्षी अंडी कमी होतात, तिसऱ्या वर्षी आणखी. शिवाय वर्षातून एकदा पिसं झडतात. तेव्हा नवी पिसं येईपर्यंत दोन-तीन महिने अंडी जवळजवळ बंदच. दिवसाचा उजेड १४ तासांच्या खाली गेला की अंडी मंदावतात. कोंबडी खुडूक झाली, तर ती रिकाम्या खोक्यातही तीन-तीन आठवडे हटून बसते आणि कुणी हात घातला तर फिसकारते.

मात्र नीट सांभाळलेली कोंबडी सहा-आठ वर्षं जगते, कधी दहासुद्धा. म्हणजे अंड्यांची भरघोस वर्षं दोन, फार तर तीन. त्यानंतरची चार-पाच वर्षं ती खाद्य खाणार, जागा अडवणार, आजारी पडणार आणि अंडं देईल ते कधीमधी. त्या वर्षांत तुम्ही काय करणार आहात?

खरी उत्तरं तीनच आहेत. पहिलं, तिला मरेपर्यंत सांभाळायचं. दुसरं, कापून खायचं. तिसरं, कुणाला तरी देऊन टाकायचं. पहिल्या दोन्हींत मला काही गैर वाटत नाही. पिढ्यानपिढ्या लोक दोन्ही करत आले आहेत. तिसऱ्यापाशी मात्र थोडं थांबा. अंडी न देणारी कोंबडी घेणारा माणूस ती बहुतेक वेळा कापायलाच घेतो. आपण फक्त ते पाहत नाही. ‘ती मोठ्या मळ्यावर राहायला गेली’ असं मुलीला सांगायची वेळ येणार असेल, तर ते आपलं आपल्याशी आधीच कबूल केलेलं बरं. मुलांना अशी खोटी गोष्ट कळायला फार वर्षं लागत नाहीत. कळली की ती आठवत राहते.

तुमची मुलगी सहाही पिलांना पहिल्याच दिवशी नावं ठेवेल. नाव ठेवलेली कोंबडी ताटात घेणं काही घरांत सहज जमतं, काही घरांत त्यावरून महिनाभर रडारड होते. तुमचं घर कोणत्या प्रकारचं, ते मला माहीत नाही, तुम्हाला माहीत आहे. पतींशी बोलायचं तर याविषयी बोला, आणि पिलं यायच्या आधी बोला. माझ्याकडे सात वर्षांची एक कोंबडी आहे. गेल्या वर्षभरात तिनं किती अंडी दिली ते एका हाताच्या बोटांवर मोजता येईल. एका पायानं लंगडते, थंडीत आडव्या दांडीवर चढता येत नाही म्हणून तिच्यासाठी खाली वेगळी जागा केली आहे. मला तिचा कंटाळा आलेला नाही. पण तिला आणताना हे मी ठरवलेलं नव्हतं, आणि घरातल्या दुसऱ्या माणसाला ते न विचारता गृहीत धरलं गेलं, याचं मला वाईट वाटतं.

तिसऱ्या वर्षाचं उत्तर ‘सांभाळू’ असेल, तर सहाचा आकडा आपोआप मोडतो. सहा जणींची जागा असेल तर आता तीनच आणा आणि तीन वर्षांनी दोन-तीन नव्या आणा. म्हाताऱ्याही राहतील, अंडीही चालू राहतील. एकटी कोंबडी कधीच ठेवू नये, ती कळपात राहणारी आहे. आणि तिघींना पहिल्या वर्षी अंडी किती, तर चांगल्या दिवसांत आठवड्याला पंधराच्या आसपास. तिघांच्या घराला तेवढी पुरावीत.

पिलांचा विचारही बदला, असा माझा आग्रह आहे. एका दिवसाच्या पिलांना पहिल्या आठवड्यात ३५ अंशांच्या आसपास ऊब लागते, पुढे दर आठवड्याला साधारण तीन अंशांनी ती कमी करत न्यायची, अंगावर पुरती पिसं येईपर्यंत. पहिल्यांदाच पाळणाऱ्याच्या हातून यात पिलं दगावतात, आणि तुमच्या घरात सात वर्षांचं मूल ते पाहणार आहे. अंडं हाती यायला पाच महिने, काही जातींत सहा-सात. शिवाय नर-मादी ओळखून दिलेली नसतील, तर सहांतले तीन कोंबडे निघतील असं धरून चाला. अंड्यांसाठी कोंबडा लागतच नाही. तो नसला तरी कोंबडी अंडी घालते, फक्त त्यातून पिलं निघत नाहीत. आणि कोंबडं झाकल्यानं तांबडं फुटायचं राहत नाही, तसं कोंबड्याचं आरवणंही कशानं थांबत नाही. पहाटे चारला ते सुरू झालं, की शेजाऱ्यांविषयीची पतींची भीती खरी ठरेल.

त्यापेक्षा सोळा-अठरा आठवड्यांच्या, लस टोचलेल्या तीन तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्या, घ्या. मादी आहे हे तोवर पक्कं झालेलं असतं, ऊब द्यावी लागत नाही आणि महिना-दीड महिन्यात त्या अंड्यावर येतात. तुरा लालबुंद होतो, पाठीवर हात ठेवला की तलंग बसकण मारते. मग एखाद्या सकाळी लहानसं, कधी रक्ताची रेघ असलेलं पहिलं अंडं सापडतं. घेताना विकणाऱ्याला विचारा, मरेक (पाय लुळे पाडणारा रोग), मानमोडी आणि देवी यांच्या लसी कधी दिल्या आणि पुढची मानमोडीची लस केव्हा आहे. मानमोडी, म्हणजे राणीखेत, झाली की कोंबडी मान पिळवटून पडते. लस न टोचलेल्या कळपात ती पाहता पाहता सगळ्यांना नेते. तिच्यावर औषध नाही, लसच आहे. पक्ष्यांना तपासणारा पशुवैद्य कोंबड्या आणायच्या आधी शोधून ठेवा. सगळेच पशुवैद्य कोंबड्या पाहतात असं नाही, हे मला कोंबडी आजारी पडल्यावर कळलं. कोंबडीला प्रतिजैविक द्यावं लागलं, तर किती दिवस अंडी खायची नाहीत हे त्यांच्याकडून लिहून घ्या.

रानपक्ष्यांनी कोंबड्यांच्या भांड्यात चोच घालू नये, म्हणून खाद्य-पाणी छपराखाली ठेवा. बर्ड फ्लू अशाच वाटांनी येतो. दोन-तीन कोंबड्या एकाएकी मेल्या तर उघड्या हातानं उचलू नका, मुलीला लांब ठेवा आणि पशुसंवर्धन खात्याला कळवा.

खुराड्यावर हात आखडता घेऊ नका. आत प्रत्येकीला चार चौरस फूट, बाहेर जाळीच्या आवारात दहा चौरस फूट, रात्री बसायला आडवी दांडी, तिच्यावर प्रत्येकीला आठ-दहा इंच जागा. तिघींना अंड्यांचं एक खोकं पुरतं. जाळी मात्र नीट निवडा. कोंबड्यांची म्हणून विकली जाते ती षटकोनी छिद्रांची, बारीक तारेची जाळी कोंबडीला आत ठेवते, पण बाहेरच्या जनावराला अडवत नाही. माझ्या पहिल्या तिघींपैकी दोघी त्या जाळीपायी एका रात्रीत गेल्या. सकाळी जे पाहिलं ते इथे लिहीत नाही. अर्ध्या इंचाच्या छिद्रांची वेल्डमेश घ्या आणि ती जमिनीत फूटभर पुरा, नाहीतर बाहेरच्या बाजूला जमिनीवर फूटभर पसरून वर दगड ठेवा. उकरणारं जनावर काठाशीच उकरतं. खाद्य रात्री पत्र्याच्या डब्यात बंद. उंदीर-घुशी कोंबड्यांमुळे येत नाहीत, सांडलेल्या दाण्यामुळे येतात.

वासाचंही तसंच. वास कोंबडीला नसतो, ओल्या शिटेला असतो. शीट ओली राहिली की तिच्यातून अमोनिया सुटतो. खाली लाकडाच्या भुशाची किंवा तुसाची चार-पाच इंचांची कोरडी गादी, पाण्याचं भांडं सांडणार नाही असं बसवलेलं, छप्पर न गळणारं आणि वरच्या बाजूनं वारा खेळता. एवढं असेल तर तीन कोंबड्यांचा वास कुंपणापलीकडे जात नाही. रात्रभराची शीट दांडीखाली साचते, म्हणून तिथे एक फळी ठेवा आणि ती रोज सकाळी खरवडा. ती शीट वाळक्या पानांत मिसळून काही महिने कुजू द्या. झाडांना ताजी घातली तर मुळं जळतात, कुजलेलं कोंबडखत मात्र त्यांना फार मानवतं. उन्हाळ्यात सावली आणि गार पाणी यांत कसूर नको. कोंबडीला घाम येत नाही, ती चोच उघडून धापते, आणि फार धापली की कवचंही पातळ होतात.

शेजाऱ्यांकडे कोंबड्या आणायच्या आधी जा, नंतर नव्हे. अंडं घातल्यावर कोंबडी काही मिनिटं मोठ्यानं ओरडते, हे त्यांना स्वतःहून सांगा. तुमच्या भागात पाळायला परवानगी आहे का, किती कोंबड्यांना आहे, हे स्थानिक कार्यालयात विचारा आणि उत्तर लेखी घ्या.

मुलीविषयी बोलायचं राहिलं. सात वर्षांचं मूल विसरणारच, ते त्याचं वयच आहे. पण ते विसरलं, तर उपाशी राहणार ती कोंबडी. म्हणून खाणं, पाणी आणि कडी ही मोठ्यांची कामं. तिला अंडी गोळा करू द्या, पेन्सिलीनं त्यांच्यावर तारीख लिहू द्या आणि एक वही द्या. कोण आधी खाते, कोण कुणाला चोच मारते, दांडीवर टोकाला कोण बसते, ते तिला लिहू दे. कोंबड्यांत कुणी कुणाला चोच मारायची याचा ठरलेला क्रम असतो. नॉर्वेच्या थोरलेफ श्येल्डेरुप-एब्बे यांनी तो १९२१ साली शास्त्रीय रीतीनं मांडला, आणि त्यांनी कोंबड्या न्याहाळायला सुरुवात केली होती ती लहानपणीच. तीन वर्षांनी नव्या तलंगा आणाल, तेव्हा हा क्रम नव्यानं ठरेल आणि मारामाऱ्या होतील. म्हणून नव्यांना पंधरा दिवस मधे जाळी ठेवून शेजारी राहू द्या. तुमच्या मुलीची वही तोवर जाड झालेली असेल आणि कुणावर लक्ष ठेवायचं ते तीच तुम्हाला सांगेल.

एक नियम मात्र तिच्यासाठी पक्का. कोंबडीला, अंड्याला, खुराड्याला हात लावला की साबणानं हात धुवायचे. कोंबडीचा पापा घ्यायचा नाही, तिला तोंडाजवळ आणायचं नाही. ठणठणीत दिसणाऱ्या कोंबडीच्या शिटेतही साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू असू शकतो. खुराड्यातल्या चपला दाराबाहेरच राहू द्या. अंड्यावर नैसर्गिक आवरण असतं, ते जंतूंना अडवतं, म्हणून साठवायची अंडी धुऊ नका, मळलेली असतील तर कोरड्या कापडानं पुसा. फारच खराब झालेलं अंडं अंड्यापेक्षा जरा कोमट पाण्यानं धुवा आणि लगेच वापरून टाका. गार पाण्यानं आतला भाग आकसतो आणि बाहेरची घाण छिद्रांवाटे आत ओढली जाते.

हे सगळं वाचून ‘नकोच मग’ असं वाटलं, तर तेही मान्य करण्यासारखं उत्तर आहे. तुम्हाला खरं तर ताजं अंडं हवं आहे. ते कोंबड्या पाळणाऱ्या ओळखीच्या माणसाकडूनही मिळतं, आणि मुलीला महिन्यातून दोनदा तिथं नेता येतं. माझ्या ओळखीच्या दोन घरांनी मिळून एकाच अंगणात कोंबड्या ठेवल्या आहेत. आठवड्याचे वार वाटून घेतले आहेत, अंडीही वाटून घेतात, आणि एक घर परगावी गेलं तर दुसरं कडी लावतं. शेजाऱ्यांशी बोलाल तेव्हा हेही विचारून पाहा. कटकट करतील असं ज्यांच्याविषयी वाटतं आहे, त्यांनाच कदाचित अंडी हवी असतील.

पण निर्णय होकाराचा व्हायचा असेल, तर उद्या सकाळी आधी फोन करून ती सहा पिलं थांबवा. मुलीला खरं कारण सांगा: कोंबड्यांचं घर अजून तयार नाही, आधी ते बांधू. शब्द मोडला असं तिला वाटणार नाही, उलट बांधायला तीच पुढे येईल. पतींची समजूत काढत बसू नका. कागद-पेन्सिल घेऊन त्यांच्याशेजारी बसा आणि दोन गोष्टी विचारा: यातलं कोणतं काम तुम्ही कधीच करणार नाही, आणि तिसऱ्या वर्षी या तिघींचं काय करायचं? ‘शीट काढणार नाही’ असं ते म्हणाले, तर ते काम तुमच्या नावापुढे लिहा आणि पाळा. तिसऱ्या वर्षाविषयी तुमची उत्तरं वेगळी निघाली, तर कोंबड्या आणू नका, निदान ती जुळेपर्यंत. जुळली, तर खुराडं कुठं ठेवायचं ते त्यांनाच ठरवू द्या, आणि त्याचं छप्पर एवढं उंच घ्या की झाडणाऱ्याला आत ताठ उभं राहता येईल. वाकून झाडावं लागतं ते खुराडं चार महिन्यांनी कुणी झाडत नाही.